उन्हाळ्यात आठ तास

मेलेल्या माणसांनी मला कधी त्रास दिला नाही. त्रास देतात ती त्यांना सोडायला आलेली. सव्वीस वर्षं मी एका मेडिकल कॉलेजच्या तळघरात, शरीररचना विभागात, दान आलेले देह टिकवायचं काम करते. देह आला की मी तो धुते, नखं कापते, केस काढते, मांडीत चीर देऊन धमनी शोधते आणि वर टांगलेल्या डब्यातलं औषध नळीने आत सोडते. त्याला निम्मा दिवस जातो. मग देह औषधाच्या टाकीत. काही महिन्यांनी वरच्या मजल्यावरची मुलं त्या देहावर शिकतात आणि पुढे डॉक्टर होतात. एवढंच काम आहे, आणि नीट केलं तर त्यात बोलण्यासारखं काही नसतं.

पण लोकांना बोलायचं असतं. बापाला सोडायला आलेला एक इंजिनियर मला पाऊण तास पटवत होता की माणूस म्हणजे पाणी आणि थोडे क्षार, त्यामुळे दुःख करणं शास्त्रीय नाही. मी म्हटलं, "मग त्या क्षारांसाठी इथे सही करा, मला त्यांना आत न्यायचंय." तो दुखावला. एका बाईंना नवऱ्याच्या कागदावर 'मृत' हा शब्द नको होता, 'प्रवासाला गेले' असं लिहून हवं होतं. मी 'मृत' लिहिलं आणि वेळ टाकली. कुणी मला आत्मा समजावतो, कुणी आत्मा नाही हे समजावतो, आणि दोघंही स्ट्रेचरकडे पाठ करून बोलतात. मी त्यांचं ऐकत नाही, तास मोजते. आमच्या दारावर पाटीच आहे, मृत्यूनंतर उन्हाळ्यात आठ तास, हिवाळ्यात बारा. त्यानंतर आलेला देह घेतला जात नाही.

एवढ्या वर्षांत कामाचा प्रश्न मला एकीनेच विचारला. बहिणीला सोडायला आलेली एक म्हातारी होती. सही झाल्यावर दारात अडखळली आणि म्हणाली, "धुताना पाणी गार असतं का हो?" मी म्हटलं, "नळाचं असतं." ती बरं म्हणून गेली. ती गेल्यावर मी आणि माझा मदतनीस पहिलवान दोघंही हसलो. पहिलवान म्हणजे अंगाने काडी, पण देह उचलायला त्याच्यासारखा माणूस नाही, म्हणून ते नाव पडलं. मेलेल्याला गार काय आणि गरम काय, असं तो म्हणाला, आणि मी मान डोलावली.

आणि ह्या सगळ्या बोलघेवड्यांचा मुकुटमणी माझ्याच घरात जन्मला होता. माझा दादा. माझ्याहून बारा वर्षांनी मोठा. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, आणि निवृत्त झाल्यावर त्याने मरण हा विषय धरला तो सोडलाच नाही. त्याच्याभोवती एक चिंतन मंडळ जमलं. दर शनिवारी चाळीसेक माणसं, सगळी ठणठणीत, चहा-बिस्किटं घेऊन मरणावर बोलायची. एका शनिवारी दादा सांगायचा की मरण ही आपल्या आयुष्यातली घटनाच नव्हे, कारण तिला हजर राहायला आपण उरत नाही. पुढच्या शनिवारी सांगायचा की मरणाची रोज तालीम करावी. ज्याला आपण हजरच राहणार नाही त्याची तालीम कशाला करायची, हे विचारायचं चाळिसांतल्या एकालाही सुचलं नाही. सगळे वह्यांमध्ये उतरवून घ्यायचे. शोकावर त्याचं स्वतंत्र व्याख्यान होतं. शोक म्हणजे गेलेल्यावरचं प्रेम नव्हे, ती आपली गैरसोय असते आणि आपण तिला मोठं नाव देतो, असं तो म्हणायचा. हे व्याख्यान फार गाजलं. मला ते पाठ होतं, कारण त्याचा पहिला प्रयोग माझ्यावर झाला होता.

अकरा वर्षांपूर्वी आई गेली तेव्हा मी तिच्या पायाशी बसून रडत होते. दादा आला, चष्मा पुसला, आणि म्हणाला, "चिमटे, नीट विचार कर. तू आईसाठी रडत्येस की स्वतःसाठी?" घरात मला चिमटी म्हणत, लहानपणी मी सगळ्यांना चिमटे काढायचे म्हणून. मी रडायची थांबले. त्याचं पटलं म्हणून नव्हे, इतका राग आला की रडू आतल्या आत जिरलं. तो राग नंतर गेला नाही, आणि खरं सांगायचं तर मी तो जाऊही दिला नाही. आईचा देह द्यायचं दादानेच ठरवलं. आई बिचारी 'दादा म्हणेल तसं' म्हणून सही करून मोकळी झाली होती. मला कुणी विचारलं नाही. जिथे देह जाणार त्या तळघरात मी नोकरी करते, हे दादाला आठवलं असेल की नाही याचीही मला शंका आहे.

आमच्या कॉलेजात दर वर्षी कृतज्ञता सभा होते. देह दिलेल्यांच्या घरच्यांना बोलावतात, मुलं दोन शब्द बोलतात, आणि पाहुणा वक्ता असतो. हा पाहुणा वक्ता सतरा वर्षं माझा दादाच. माइक लावायचं काम माझ्याकडे. आई गेली त्या वर्षीही तो बोलला. देह म्हणजे काय आणि काय नाही यावर तासभर गुऱ्हाळ चाललं होतं, आणि बरोबर त्याच्या बुटांखाली एक मजला सोडून आई टाकीत होती. सभा झाली की तो चहा घ्यायचा, मला "बरं चाललंय ना?" विचारायचा आणि निघून जायचा. सतरा वर्षांत तो एकदाही जिना उतरून खाली आला नाही. मरणावर इतकं बोलणारा माणूस, पण त्याचा वास येईल तिथे उभा राहणार नाही. मला त्याची मनापासून किळस यायची.

मग दादाला आतड्याचा आजार निघाला. मंडळाने त्यावरही एक शनिवार साजरा केला. त्याने देहदानाचा फॉर्म सगळ्यांसमोर भरला, टाळ्या वाजल्या, सेक्रेटरीने फोटो काढले. हा सेक्रेटरी मंडळाचा सगळा कारभार बघायचा आणि दादाच्या वाक्यांची पुस्तिका छापायचा. साक्षीदार म्हणून सही माझी होती, कारण फॉर्म मीच नेला होता.

मरायच्या दीड-दोन महिने आधी दादाने मला एका दुपारी बोलावून घेतलं. वहिनी औषधं आणायला बाहेर गेली होती. त्याचा चेहरा बसला होता, हात चादरीवर पडून होते. मला वाटलं, आता एखादं नवीन चऱ्हाट ऐकावं लागणार.

"चिमटे," तो म्हणाला, "तू नेमकं करतेस काय ग तिथे?"

सव्वीस वर्षांनी हा प्रश्न आला होता. मी खुर्ची पुढे ओढली आणि सांगितलं, एकही पायरी गाळली नाही. कपडे कसे कापून काढतो, तोंडात कापूस कसा भरतो, धमनी पांढरी कशी दिसते, औषध आत गेलं की बोटं कशी ताठ होतात. मला त्याला घाबरवायचं होतं, हे कबूल करते. तो एखाद्या शहाण्या विद्यार्थ्यासारखा ऐकत राहिला. मधे एकदाही 'म्हणजेच' म्हणाला नाही.

"आईलाही असंच?" त्याने विचारलं.

"आईलाही."

"कुणी केलं?"

"मी."

"तू? पण तुला तर रजा दिली होती त्यांनी. घरच्या माणसाचं काम करू देत नाहीत, असं तू म्हणाली होतीस."

"नाहीच देत. मी मागच्या दाराने गेले. पहिलवानाने दार उघडलं. दुसऱ्या कुणी तिची नखं कापलेली मला चाललं नसतं."

त्याने चादरीवरचे हात वळवून स्वतःची नखं बघितली. मग म्हणाला, "मी कधी खाली आलो नाही."

"माहीत आहे मला. शिस्तीत वरच्या वर जायचास."

"भीती वाटायची," दादा म्हणाला. एवढंच. पुढे त्याने त्या भीतीचे प्रकार सांगितले नाहीत, तिचा उगम सांगितला नाही. मी खुर्ची परत होती तिथे सरकवली.

"पाणी गार असतं का ग?" त्याने विचारलं.

मी दचकले. म्हटलं, "नळाचं असतं."

"आईला पण?"

"नाही. आईच्या वेळी मी किटली नेली होती. गरम करून घेतलं."

ती म्हातारी येऊन गेल्यावर महिन्याभरात आई गेली होती. किटली मी ती गेली त्याच सकाळी विकत घेतली, आणि अजून ती तळघरात आहे. आता त्यात आम्ही चहा करतो.

"मग माझंही तूच कर," दादा म्हणाला. "गरम पाण्याने. बाकी मग काय करायचं ते कर."

"बघू," मी म्हटलं.

"बघू नको. कर म्हण."

"करीन," मी म्हटलं. आणि दुसऱ्या दिवशी विभागप्रमुखांकडून लेखी परवानगी घेतली. ती घेताना ते म्हणाले की तुमच्या बंधूंची वैचारिक उंची फार मोठी होती. मी म्हटलं, अजून जिवंत आहेत.

दादा उन्हाळ्यात गेला, पहाटे चारला. वहिनी सहापर्यंत त्याच्याजवळ नुसती बसून राहिली, मग तिने मला फोन केला. मला तेव्हाच उठून जायला हवं होतं. मी म्हटलं, "तुम्ही पाठवा, मी तयारी करते." दादाचा मेलेला चेहरा मला त्याच्या घरी बघायचा नव्हता. तळघरात बघायचा होता, जिथे हातांना काय करायचं ते माहीत असतं.

सात वाजता सेक्रेटरीचा फोन. आवाज गंभीर, पण आतून उकळ्या फुटत होत्या. "ताई, मंडळाने सभागृह घेतलंय. दहाला सभा, साडेअकराला आटपू. बाराच्या आत सर तुमच्याकडे."

"बारा म्हणजे बारा," मी म्हटलं.

"अहो, म्हणजे काय! सरांची शेवटची इच्छा आहे."

मी फोन ठेवला. आता हे नीट सांगते, कारण सगळं इथेच आहे. देह द्यायचाय म्हणून फोन करणाऱ्या प्रत्येक घराला मी चार सूचना देते. खोली थंड ठेवा, उशाशी-पायाशी बर्फ ठेवा, खिडक्या उघड्या ठेवा, दिवे लावू नका. इंजिनियरला दिल्या होत्या, प्रवासवाल्या बाईंना दिल्या होत्या, म्हातारीलाही दिल्या होत्या. मला त्या झोपेतही म्हणता येतात. आणि पोटाचा आजार असेल तर आठ तासही फार होतात, हेही सांगते. सेक्रेटरीला मी ह्यातलं काही सांगितलं नाही. त्याने विचारलं असतं तर सांगितलं असतं. देहाबद्दल एवढं कळणाऱ्या माणसाला देह कसा ठेवायचा ते कळत असेल, असं मी मनात म्हटलं, आणि असं म्हणताना मला बरं वाटलं.

अकराला मी औषध मोजून घेतलं, डबा टांगला, किटली लावली. बाराला कुणी आलं नाही. साडेबाराला पहिलवान दारात जाऊन आला. पावणेएकला सेक्रेटरीचा फोन, मागे माइकचा घोगरा आवाज. "ताई, थोडा उशीर होतोय. बाहेरगावहून दोन वक्ते आलेत. सगळ्यांनाच बोलायचंय. सर होतेच असे."

"चालू द्या," मी म्हटलं.

पहिलवान म्हणाला, "बाई, आपण गाडी घेऊन जाऊ या का? पंधरा मिनिटांचा तर रस्ता."

"कशाला? ज्ञानी माणसं आहेत. त्यांना कळेल."

"त्यांना काय कळतंय?" पहिलवान म्हणाला.

"नाही कळलं तर नाही कळलं हेही कळू दे त्यांना."

त्याने माझ्याकडे असं बघितलं की मी नजर वळवली. किटली पुन्हा लावली. दोन वाजले, अडीच वाजले. पाणी उकळायचं आणि गार व्हायचं. मी खुर्चीत बसून होते आणि मला एक प्रकारची मजा येत होती. सव्वीस वर्षं मी ह्या लोकांना ऐकून घेतलं होतं. आज त्यांचंच बोलणं त्यांच्या नाकाखाली सडणार होतं, आणि मी ते बघणार होते. तिथे सडणार काय होतं, हे मी त्या वेळी डोक्यात येऊ दिलं नाही.

साडेतीनला पहिलवानाने न विचारता गाडी काढली आणि हॉर्न वाजवला. मी गेले.

सभागृह खच्चून भरलं होतं. रस्त्याचा आवाज माइकमध्ये येतो म्हणून खिडक्या बंद. मंचावर दादाचा मोठा फोटो, त्याखाली टेबलावर दादा, गळ्यापर्यंत फुलं. दोन्ही बाजूंना चित्रीकरणाचे दिवे, मोठे, पिवळे, त्याच्या अंगावर रोखलेले. त्या दिव्यांची धग मला जिन्याशीच लागली. हवेत कसलातरी गोड सुगंध मारला होता, एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. म्हणजे नाकाला केव्हाच कळलं होतं. त्यांनी नाकाचं ऐकलं नव्हतं एवढंच.

माइकवर एक गृहस्थ हात पसरून सांगत होते, "समोर आहेत ते सर नव्हेत. हा केवळ देह आहे. सर तर आपल्या विचारांत आहेत." पहिल्या रांगेतल्या माना डोलल्या. त्याच रांगेच्या टोकाला वहिनी बसली होती, मांडीवर पर्स घट्ट धरून.

मी मंचावर गेले. दिव्यांच्या दोन्ही पिना उपटल्या. फुलं बाजूला केली आणि दादाच्या सदऱ्याची खालची बटणं काढली. सेक्रेटरी धावत आला, "ताई, ताई, अजून एकच वक्ता..." मी पोटाच्या उजव्या बाजूला, खाली, दोन बोटं ठेवली. तिथे तळहाताएवढा हिरवट डाग होता. असा डाग कसला असतो ते मला सांगायला पुस्तक लागत नाही. मी बटणं लावली. एक वरखाली लागलं, ते काढून पुन्हा लावलं.

"नेता येणार नाही," मी म्हटलं. माइक चालू होता, सगळ्यांना ऐकू गेलं.

"म्हणजे?" सेक्रेटरी म्हणाला.

"म्हणजे खराब झालाय."

"पण सरांची इच्छा..."

"इच्छा चांगली आहे अजून. देह खराब झालाय."

आता बघा गंमत. हा केवळ देह आहे म्हणणारे ते गृहस्थ दोन पावलं मागे सरकले. पहिल्या रांगेत रुमाल निघाले. दर शनिवारी मरणाची तालीम करणारी चाळीस माणसं, त्यांच्यातल्या निम्म्यांना एकदम कुठेतरी जायचं आठवलं. दारात गर्दी झाली. सेक्रेटरी घामाघूम होऊन म्हणाला, "अहो, आम्ही फक्त चार वक्ते वाढवले. मग आता ह्यांना न्यायचं कुठे? दुसरी काही व्यवस्थाच नाहीये." मी त्याला धडा शिकवायला तोंड उघडलं. आठ तास, बर्फ, खिडक्या, दिवे, सगळं जिभेवर होतं. सकाळी सात वाजता जे सांगायचं ते मी दुपारी चारला सांगणार होते.

तेवढ्यात वहिनी मंचावर आली. तिने सेक्रेटरीकडे बघितलंही नाही.

"तू कुठे होतीस सकाळपासून?" तिने मला विचारलं.

"मी तयारी करून बसले होते. बाराची वेळ दिली होती ह्यांना."

"मी दर पाच मिनिटांनी दाराकडे बघत होते ग. म्हटलं, आत्ता येईल आणि ह्या सगळ्यांना गप्प करील. माझं कोण ऐकतंय? तुला जमतं ते. लोकांना गप्प करणं तेवढं तुला छान जमतं." तिने पर्स एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "हे मला सांगून गेलेत. चिमटी करणार आहे सगळं, म्हणाले. पाणी गरम घेणार आहे, म्हणाले. दोनदा सांगितलं, मला वाटलं भ्रमात बोलतायत."

अकरा वर्षांपूर्वी जिरलेलं सगळं बाहेर आलं आणि मी मंचावर, त्या दिव्यांच्या वायरींमध्ये उभी राहून, लहान पोरीसारखी रडले. आईसाठी रडत होते की दादासाठी की स्वतःसाठी, ते मला सांगता येणार नाही. कुणी विचारलंही नाही. विचारणारा टेबलावर होता.

मंचामागे चहाची खोली होती. पहिलवानाने दादाला एकट्याने उचललं आणि तिथल्या लांब टेबलावर ठेवलं. चाळीस माणसांच्या चहासाठी ठेवलेलं पाणी मोठ्या भांड्यात अजून कढत होतं. मी त्यात नळाचं मिसळलं आणि कोपर बुडवून बघितलं. वहिनीने डोकं धरलं. मी कपाळापासून सुरुवात केली, मग मान, मग हात. पोटावरून हलक्या हाताने फडका फिरवला. नखं कापली. वहिनी म्हणाली, "डाव्या अंगठ्याचं जपून, ते आत वाढतं." मी जपून कापलं. बाहेर सेक्रेटरी फोनवर कुणालातरी विचारत होता की असं काही झालं तर साधारण काय करतात.

आमच्याकडे देह नाकारला तरी फॉर्म भरावा लागतो. गाडीत पॅड होतं. चहाच्या कपांमध्ये जागा करून मी तो भरला. वय एकाहत्तर. मृत्यूची वेळ पहाटे चार. तपासणीची वेळ दुपारी चार. नाकारण्याचं कारण, उशीर. खाली माझी सही. उशीर कुणामुळे झाला, हे त्या फॉर्ममध्ये विचारलेलं नाही. विचारलं असतं तर मी मंडळाचं नाव लिहिलं असतं, आणि ते सगळ्यांना पटलं असतं. वहिनीला सोडून.